टीटी सायकल, नोकरी आणि मधली दोन मिनिटं: हडपसरच्या एका तरुण सायकलपटूचं प्रकरण

मुलगा १९ वर्षांचा. घर हडपसरच्या पुढे, मांजरीच्या बाजूला. वडिलांचं दोन लेथ आणि एका मिलिंग मशिनचं छोटं वर्कशॉप आहे. आई घरी शिवणकाम करते, धाकटी बहीण बारावीला आहे आणि तो स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. ज्युनिअर गटात असताना वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे टीटीमध्ये, राज्यात पहिल्या तिघांत यायचा. वय वाढलं, वरच्या गटात गेला आणि पहिल्याच निवड चाचणीत ३० किलोमीटरला ४५ मिनिटं ४५ सेकंद लागले. संघात शेवटचा घेतलेला मुलगा त्याच्यापेक्षा दोन मिनिटांहून जास्त पुढे होता.

त्या रात्री घरात दोन प्रस्ताव मांडले गेले. मुलाचा प्रस्ताव: सात-आठ लाखांची खरी टीटी सायकल घेऊ, आऱ्यांऐवजी सपाट तबकडी असलेलं मागचं डिस्क व्हील धरून. आईचा प्रस्ताव: ज्युनिअरला जे मिळालं ते मिळालं, आता अभ्यासाला लाग. वडील दोघांच्या मध्ये. त्यांनी मला फोन केला तो याच कारणासाठी, कारण त्याच्या सरावाचं वेळापत्रक आणि पायांची ताकद वॉटमध्ये मोजणाऱ्या पॉवर मीटरच्या फायली मी बघतो. म्हणजे मी त्रयस्थ नाही, हे वाचणाऱ्याने धरून चालावं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हिशेब बदललेले नाहीत.

खेळ काय आहे

थोडक्यात सांगतो, कारण नातेवाइकांना अजून हा प्रकार नीट कळलेला नाही. टाइम ट्रायलमध्ये सगळे एकदम सुटत नाहीत. मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक जण सुटतो आणि घड्याळाशी झुंजतो. पुढच्याला गाठलं तरी त्याच्या मागे लपून वारा चुकवायचा नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, नियमात पुढच्यापासून २५ मीटर अंतर ठेवायला सांगितलंय. रोड रेसमध्ये डोकं, नशीब, संगत सगळं चालतं. इथे पाय, फुप्फुसं आणि बसण्याची पद्धत.

या शेवटच्या गोष्टीकडे आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाने जाताना सायकलस्वाराच्या ताकदीतला फार मोठा हिस्सा फक्त हवा बाजूला सारण्यात जातो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. त्यातही अडथळ्याचा ७०-८० टक्के भाग सायकलचा नसतो, वर बसलेल्या माणसाचा असतो. लाखो रुपये उरलेल्या २०-३० टक्क्यांवर खर्च होतात.

दोन मिनिटं गेली कुठे

चाचणी सोलापूर रस्त्यावर होती. १५ किलोमीटर जायचं, ड्रमला वळसा घालायचा, १५ किलोमीटर यायचं. उन्हाळ्याची सुरुवात, त्यात चाचणी उशिरा सुरू झाली. पुण्यात त्या दिवसांत पहाटे पान हलत नाही, पण ऊन वर आलं की पश्चिमेचा वारा सुटतो. त्याची पाळी आली तोवर वारा चांगला वाहत होता. जाताना पाठीवर, येताना छातीवर.

फाइल उघडली तेव्हा पहिल्या अर्ध्यात सरासरी ३०० वॉट, दुसऱ्या अर्ध्यात २४५. वारा पाठीशी आहे, पाय हलके वाटतायत, स्पीडोमीटर ४८ दाखवतोय, अशा वेळी १९ वर्षांच्या पोराला हळू जा म्हणणार कोण? पण हिशेब उलटा असतो. वारा समोर असतो तेव्हा रस्त्यावर वेळ जास्त जातो, म्हणून जादा ताकद तिथे खर्च करायची. मी ताशी १० किलोमीटरचा वारा धरून आकडे मांडले. दोन्ही बाजूंना सारखे २७० वॉट लावले असते, तर अर्धं मिनिट तिथेच वाचलं असतं. त्यासाठी त्याला एक वॉटही जास्त लागला नसता, पैसाही नाही.

मग टायर. पंक्चर होऊ नये म्हणून तो सरावाचेच जाड, टणक टायर लावून चाचणीला उतरला होता. त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, सांडलेली पाचटं, ट्रॉलीतून पडलेले खिळे-मोळे, सगळं असतं. पण शर्यतीच्या दिवसापुरते चांगले मऊ टायर लावले, तर रस्त्याशी होणारं घर्षण पाचाचं चारावर येऊ शकतं. त्याच्या वजनाला आणि वेगाला ते आठ-नऊ वॉट होतात. ३० किलोमीटरला पुन्हा अर्धं मिनिट. किंमत काही हजार रुपये.

राहिलं बसणं. त्याच्याकडे साधी रोड बाइक, त्यावर क्लिप-ऑन एरोबार, म्हणजे कोपरं टेकून पुढे झुकायला हँडलवर बसवलेले दांडे. कोपरं खांद्यांच्या बाहेर, डोकं वर, अंगात फडफडणारी क्लबची जर्सी. वेग आणि वॉट यांवरून हवेला अडणारं त्याचं प्रभावी क्षेत्र काढलं तर ०.२८ चौरस मीटरच्या आसपास येत होतं. ते ०.२५ वर आणलं, तर वारा नसताना तेवढ्याच २७० वॉटवर ३० किलोमीटरला दीड मिनिटाहून थोडं जास्त वाचतं. तिन्हींची बेरीज अडीच मिनिटांवर जाते. प्रत्यक्षात बेरीज इतकी सरळ येत नाही, पण दोन मिनिटांची खाई कुठल्या मातीची आहे ते कळायला एवढं पुरे.

वडिलांनी विचारलं, "सर, नवी सायकल दीड-दोन किलो हलकी आहे म्हणतो हा. त्याचं काय?" सपाट रस्त्यावर एक किलो कमी झाल्याने ३० किलोमीटरला दोन सेकंद वाचतात, हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. घाटात वजनाला किंमत आहे. यवतकडे जाणाऱ्या या सपाट सोलापूर रस्त्यावर नाही. शिवाय यूसीआयच्या नियमाने सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालतच नाही.

टीटी सायकलचा फायदा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तिची चौकट माणसाला पुढे सरकवून बसवते, तारा आत लपवते, डिस्क व्हील खरोखर काम करतं. पण ०.२८ च्या बसण्यावर आठ लाखांची सायकल म्हणजे गळक्या टाकीला नवा नळ. आधी अंग, मग सायकल. हा क्रम दुकानदार सांगत नाही, आणि त्याने का सांगावा?

वर्कशॉपमधला प्रयोग

या भागावर जरा रेंगाळतो, कारण प्रकरणाला खरं वळण इथे लागलं.

वडील मिलिंगवाले. शतांश मिलिमीटरात विचार करणारा माणूस. त्यांना "पोझिशन सुधारा" असं सांगून उपयोग नव्हता, "किती मिलिमीटर?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांना डॅन बिगमची गोष्ट सांगितली. हा इंग्रज इंजिनिअर, हवेच्या अडथळ्याचा अभ्यासक. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखेनच्या ट्रॅकवर त्याने एका तासात ५५.५४८ किलोमीटर जाऊन जागतिक विक्रम केला. दोनच महिन्यांनी, ८ ऑक्टोबरला, त्याच ट्रॅकवर इटलीच्या फिलिप्पो गान्नाने तो ५६.७९२ वर नेला. गान्नाची ताकद अचाट आहे. बिगमने मात्र मोजमापाच्या जोरावर काही आठवडे का होईना, तो विक्रम स्वतःकडे ठेवला. वडिलांना गान्नापेक्षा बिगम जवळचा वाटला.

त्यांनी ॲल्युमिनिअमचे गोल स्पेसर काढले, ५ आणि १० मिलिमीटरचे. कोपर टेकायच्या पॅडखाली ते घालायचे-काढायचे. पॅड आतल्या बाजूला सरकवता यावेत म्हणून एक खाचेची पट्टी केली. तपासणी बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलींच्या ट्रॅकवर. तिथे गाड्या नाहीत, खड्डे नाहीत आणि फेरी बंद असल्याने वाऱ्याचा फायदा-तोटा बराचसा फिटतो. एक बदल करायचा, ठरलेल्या वॉटवर फेऱ्या मारायच्या, वेळ लिहायची. मग पुन्हा जुनी मांडणी लावून तेच, म्हणजे वारा बदलला असेल तर कळतं. वडील वहीत लिहायचे. बिलबुक संपल्यावर मागच्या कोऱ्या पानांवर.

पहिल्यांदा उत्साहात पॅड फारच खाली नेले. दिसायला झकास, एकदम युरोपियन. वेळही सुधारली, पण पाच-सहा मिनिटं. त्यानंतर वॉट घसरायला लागले. मांड्या पोटाला लागत होत्या, कंबरेचा कोन मिटत होता, श्वास अर्धवट राहत होता. पॅड १५ मिलिमीटर वर आले. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७२.५ मिलिमीटरचा काढून १६५ चा लावला, म्हणजे पेडल वर येतं तेव्हा गुडघा तेवढा खाली राहतो. सगळ्यात जास्त फरक मात्र दोन गोष्टींनी पडला: कोपरं जवळ आणणं आणि डोकं खांद्यांच्या मध्ये बुडवणं. दुसरी गोष्ट फुकट आहे आणि सगळ्यात अवघड. मान दुखते, नजर रस्त्यावरून सुटते. म्हणून तो सराव रस्त्यावर करायचा नाही, घरी सायकल जागेवरच चालवायच्या ट्रेनर-स्टँडवर किंवा बालेवाडीला, असा नियम घातला. आईने अंगाला चिकटून बसणाऱ्या जुन्या स्किनसूटच्या बाह्या उसवून त्याच्या मापाला आवळून दिल्या. क्लबातले एक काका ते बघून म्हणाले, हा तर घरचा विंड टनेल, म्हणजे हवेचा अडथळा मोजायचा बोगदा.

एक खबरदारी. उंचीप्रमाणे एरोबार किती पुढे आणि किती वर असू शकतो याच्या मर्यादा यूसीआयने ठरवल्या आहेत: १८० सेंटिमीटरच्या आत, १८० ते १९०, आणि त्यापुढे. सुरुवातीआधी पंच सायकल मापतात. घरी केलेलं काम त्या मापात बसलं पाहिजे, नाहीतर मैदानावर पाना-स्क्रू घेऊन घाम गाळावा लागतो. आणि जोडकाम असं हवं की खड्ड्यात पॅड निखळणार नाही; हौशी वेल्डिंगचा इथे काही संबंध नाही.

पण करिअरचं काय?

सेकंदांचा प्रश्न सुटत होता. आईचा प्रश्न सुटला नव्हता. "हे किती वर्षं चालणार, आणि त्यातून पुढे काय?" त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यांना उत्तर हवं होतं.

मुलाच्या खोलीत जॉश टार्लिंगचा फोटो आहे. वेल्सचा मुलगा, २००४ चा जन्म. २०२२ मध्ये ज्युनिअर गटाचा टाइम ट्रायल जगज्जेता. पुढच्याच वर्षी, १९ व्या वर्षी, स्कॉटलंडला मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत टाइम ट्रायलला तिसरा. पुढे फक्त रेम्को इव्हनपूल आणि गान्ना. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पंक्चर झालं आणि दोन सेकंदांनी कांस्य हुकलं. हे सगळं मुलाला तोंडपाठ आहे. त्याचं म्हणणं, "सर, तो पण एकोणीसचाच होता."

मी त्याला उलट विचारलं: हे तिघे टाइम ट्रायलवर जगतात का? टार्लिंगला व्यावसायिक संघ पगार देतो तो वर्षभर रस्त्यावरच्या शर्यतींत बंचच्या, म्हणजे सायकलस्वारांच्या घोळक्याच्या, पुढे राहून वारा खाण्यासाठीसुद्धा. गान्ना तेच करतो, शिवाय ट्रॅकवर तो सहा वेळा वैयक्तिक पर्स्युटचा (ट्रॅकच्या दोन समोरासमोरच्या बाजूंनी सुटून घड्याळाशी झुंजायचा प्रकार) जगज्जेता आणि टोकियोच्या सांघिक पर्स्युटचा सुवर्णविजेता. इव्हनपूलने पॅरिसमध्ये टाइम ट्रायल जिंकली आणि आठवड्याभरात रोड रेसही. जगातल्या सर्वोत्तमांनाही टाइम ट्रायल एकटी पोसत नाही. आपल्याकडे तर जिल्हा, राज्य, विद्यापीठ आणि राष्ट्रीय स्पर्धा धरून वर्षाकाठी खऱ्या अर्थाने महत्त्वाच्या टाइम ट्रायल बोटांवर मोजाव्यात इतक्या. उरलेलं वर्ष काय करायचं?

माझं मत असं, आणि क्लबातले एक जुने प्रशिक्षक याच्याशी अजिबात सहमत नाहीत: भारतात १९-२० वर्षांच्या मुलाने स्वतःला फक्त टीटीवाला म्हणवून घेऊ नये. त्या प्रशिक्षकांचं म्हणणं, "एकच विहीर खोल खणावी." त्यात तथ्य आहे. पण या मुलाची विहीर खणून झाली तरी पाणी वर्षातून चारदा लागणार होतं. त्याच्याकडे जे आहे, म्हणजे एकट्याने एका लयीत दीर्घकाळ जोर लावणं, ते आणखी दोन ठिकाणी चालतं. ट्रॅकवरचं पर्स्युट हे एक. वैयक्तिक पर्स्युट २००८ नंतर ऑलिम्पिकमध्ये राहिलं नाही, पण सांघिक आहे, आणि सांघिकात चार जण लागतात, म्हणजे संघात जागाही चार. दुसरं, रोड रेसमध्ये पळून गेलेल्यांचा पाठलाग आणि शेवटच्या काही किलोमीटरला आपल्या स्प्रिंटरला, म्हणजे शेवटी झेप घेणाऱ्या वेगवान साथीदाराला, पुढे नेऊन सोडणं.

अडचण एवढीच की त्याला बंचमध्ये चालवता येत नव्हतं. लहानपणापासून एकट्यानेच सराव. चाकाला चाक लावून ४५ ने जाताना ब्रेकवर बोट, नजर पुढच्याच्या टायरवर, आणि सगळी गँग वळली की हा एक सायकलभर मागे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीची नावं वडिलांच्या पिढीला अजून आठवतात, बोरघाट आधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणत असत. त्या शर्यतीच्या तोडीचं बंच-शिक्षण मुलाला मिळालेलंच नव्हतं.

याच काळात, जानेवारी २०२६ मध्ये, पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयच्या २.२ दर्जाची पुरुषांची बहुटप्पी शर्यत, आणि सुरुवात शहरातल्याच रस्त्यांवर छोट्या प्रोलॉगने, म्हणजे टाइम ट्रायलनेच. कडेला उभं राहून त्याने ते बघितलं. युरोपातले पोरगेलेसे खेळाडू वळणावर एरोबार सोडून पुन्हा पकडतात ते किती सहज, हे त्याने घरी येऊन वडिलांना करून दाखवलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटली: प्रोलॉग म्हणजे जेमतेम आठ-दहा मिनिटांचा जोर, आणि पर्स्युट चार-पाच मिनिटांचा. दोन्हींचा सराव एकमेकांच्या जवळचा आहे. ४० मिनिटांच्या टीटीला तो वरून टोक देतो.

नोकरीची बाजू

आईसाठी हा भाग महत्त्वाचा, म्हणून स्पष्ट मांडला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वेत क्रीडा कोट्यातून भरती होते, लष्करात खेळाडूंची थेट भरती होते, आणि देशांतर्गत सायकलिंगमध्ये रेल्वे आणि सर्व्हिसेस, म्हणजे सैन्यदलांचा संघ, हेच तगडे संघ आहेत. तिथे पगार मिळतो, सरावाला वेळ मिळतो. पण प्रमाणपत्रं कोणत्या दर्जाच्या स्पर्धेची, कितव्या क्रमांकाची, आणि मान्यताप्राप्त संघटनेचीच आहेत ना, हे काटेकोर बघितलं जातं. हौशी क्लबांच्या राइडची चकचकीत पदकं तिथे कामाची नाहीत. त्याच्या कपाटातली अर्धी पदकं त्या दिवशी बाजूला काढली. कडू काम होतं.

आणि इथे टीटी-पर्स्युट या जोडीचा व्यवहारी फायदा दिसतो. एकाच मुलाला रस्ता आणि ट्रॅक दोन्हींत, त्यातही सांघिक प्रकारात, राष्ट्रीय पातळीवर क्रमांकाची संधी वाढते.

ठरलं काय

टीटी सायकल दोन हंगाम नाही. त्याऐवजी टायर, छोटा क्रँक, एरो हेल्मेट, स्वतःचा पॉवर मीटर. सगळं मिळून पाऊण लाखाच्या आत बसवलं, तेही हप्त्याहप्त्याने. आठवड्यातून एक-दोनदा बालेवाडी. हडपसरहून शहर ओलांडून जाणं म्हणजे सराव कमी आणि ट्रॅफिक जास्त, त्यामुळे वडिलांच्या माल पोचवण्याच्या टेम्पोत सायकल टाकून पहाटे निघायचं. शनिवारी दिवेघाट–सासवडकडे जाणाऱ्या मोठ्या गटाबरोबर, आणि तिथे पुढे पळायला बंदी. चाकाला चाक लावून मध्येच राहायचं. ही शिक्षा त्याला सगळ्यात जास्त लागली. पहिल्या काही शनिवारी तो घरी येऊन आईशीसुद्धा बोलला नाही.

पदवी पूर्ण करायची, हे आईने घातलेलं कलम. त्यावर चर्चा नाही.

निकाल, जेवढे लागले तेवढे

पुढच्या निवड चाचणीत त्याच अंतराला ४३ मिनिटं २० सेकंद, तीच रोड बाइक, तेच पाय थोडे तयार झालेले. यातलं किती बसण्याचं, किती टायरचं आणि किती वयाचं, हे वेगळं काढता येत नाही. त्या दिवशी वारा कमी होता हेही खरं. राज्य संघात आला. राष्ट्रीय स्पर्धेत टाइम ट्रायलला मधल्या फळीत राहिला. स्पर्धा समुद्रसपाटीजवळ होती, आणि इथे बऱ्याच जणांची फसगत होते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, इथली हवा पाच-सहा टक्के विरळ. तेवढ्याच वॉटवर ३० किलोमीटरला पाऊण मिनिटाच्या आसपास फरक पडतो. पुण्यातली वेळ मनात धरून उतरलेला मुलगा तिकडे अर्ध्या वाटेत हवालदिल होतो. त्याला आधी सांगून ठेवलं होतं, स्पीडोमीटरवर पट्टी चिकटव, फक्त वॉट बघ. त्याने ते केलं आणि उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा चांगला काढला.

सांघिक पर्स्युटच्या चौघांत तो आता आहे. तिसऱ्या जागेवर, जिथे लांब खेच द्यावी लागते.

बंच अजूनही कच्चं. दोनदा पडला, एकदा मनगटाला प्लास्टर. रोड रेसचा खेळाडू म्हणून त्याला कुणी संघात घेईल अशी स्थिती नाही, आणि जुने प्रशिक्षक मला हे ऐकवायची संधी सोडत नाहीत. रेल्वेच्या चाचणीसाठी अर्ज गेलाय.

टीटी सायकलचा विषय बंद झालेला नाही. वडिलांनी एक वापरलेली चौकट हेरून ठेवली आहे, डिस्क व्हीलशिवाय, आणि ती घ्यायची अट लिहून फ्रीजवर लावली आहे: २३ वर्षांखालच्या गटात राष्ट्रीय पातळीवर पहिल्या दहांत. आईची अट त्याखाली, वेगळ्या अक्षरात. तिसऱ्या वर्षाची परीक्षा आणि निवड चाचणी एकाच आठवड्यात आली, तर परीक्षा. विद्यापीठाचं वेळापत्रक अजून लागायचंय.